वामन आमच्या पडवीत आला

मोठ्या नावाच्या माणसाने लिहिलेले पुस्तक हाती घ्यायला मी नेहमी कचरतो. नटाचे, खेळाडूचे, पुढाऱ्याचे अशी काही पुस्तके मी हौसेने आणली आणि अर्ध्यावर ठेवून दिली. वर नाव हे एवढे मोठे, आणि आत पाखडून पाहावे तर दाण्यापेक्षा फोलपटच जास्त. एकदोनदा ठेच लागली की माणूस ती वाट सोडतो. माझेही तसेच झाले होते.

त्यामुळे आमच्या नातीने डॉ. जयंत नारळीकरांची कादंबरी माझ्यापुढे ठेवली, तेव्हा मी ती बाजूला सारली.

हे २०२५ सालच्या मे महिन्यातले. त्या वर्षी पावसाने रोहिणीचीही वाट पाहिली नाही. वळीव म्हणून आला आणि घरजावयासारखा राहिला. आमचे उरवडे मुळशी तालुक्यातले, पिरंगुटच्या पुढे, भाताचे गाव. भाताची रोपे टाकायची तर जमिनीला वाफसा हवा. तो काही मिळेना. धूळवाफेवर पेरावे म्हणावे, तर धूळ राहिलीच कुठे होती? खाचरांत आवणीसारखे पाणी साचलेले आणि घरात बियाण्याची पोती तशीच थप्पी लावून ठेवलेली. आम्ही सगळे पडवीत बसून पागोळ्या मोजत होतो.

त्याच दिवसांत, २० मे रोजी, नारळीकर पुण्यात वारले. पेपरात सगळीकडे त्यांचे फोटो आले. नात पुण्याला कॉलेजात शिकते, ती सुट्टीला आली ती हे पुस्तक घेऊनच. नाव, ‘वामन परत न आला’.

“आजोबा, वाचून तरी बघा,” ती म्हणाली.

“अगं, ते तारे-ग्रह मोजणारे गृहस्थ. आपल्याला त्यातलं काय कळणार?”

“गोष्ट आहे हो. तुम्ही ते अर्नाळकर वाचायचात ना, तसं समजा.”

हे मात्र तिने मर्मावर बोट ठेवले. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हे माझे पोरपणातले व्यसन. हजाराच्या वर पुस्तके लिहिली त्या माणसाने. त्यांचा झुंजार आणि त्यांचा काळा पहाड आमच्या पिढीला घरच्या माणसांइतके ठाऊक. कोणी पौडहून एखादे पुस्तक आणले की ते घरोघर फिरून पार चिंध्या व्हायचे. मी कंदिलापाशी वाचत बसलो की वडील आतून ओरडत, “रॉकेल जळतंय रे, का डोळे जाळतोस?” तर त्या अर्नाळकरांच्या पंक्तीला जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाला बसवायचे, हे माझ्या मनाला पटेना.

नारळीकरांचे नाव माझ्या लहानपणापासून कानावर होते. बनारसला वाढलेला, केंब्रिजला शिकलेला मराठी मुलगा. गुरू फ्रेड हॉयल यांच्याबरोबर त्यांनी १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला. १९६५ साली पद्मभूषण मिळाले तेव्हा त्यांचे वय २६. आमच्या मास्तरांनी वर्गात त्यांचा फोटो दाखवून सांगितले होते, “बघा रे, असे व्हा.” ज्याचा फोटो दाखवून मास्तर ‘असे व्हा’ म्हणतात, त्याच्यापासून पोरे चार हात लांबच राहतात. मीही राहिलो तो थेट म्हातारपणापर्यंत.

त्या रात्री वीज गेली. पाऊस पत्र्यावर असा वाजत होता की झोप येईना. उशाशी बॅटरी होती आणि पुस्तकही होते. म्हटले, दोन पाने चाळू, झोप आपोआप येईल.

झोप पार उडाली. गोष्ट अशी सुरू होते की जमिनीत खोल खोदकाम चालले असताना एक पेटी सापडते. ही पेटी आजकालची नव्हे. आपल्याआधी फार फार पूर्वी कोणी तरी पुढारलेला समाज या पृथ्वीवर नांदून गेला, त्याने मागे ठेवलेली. आता नांगराच्या फाळाला काही खणकन लागले की शेतकऱ्याचे काळीज कसे लकाकते, ते मी तुम्हाला सांगायला नको. दगड असेल, हंडा असेल, नाही तर आजोबांच्या वेळची मोडकी पहार असेल. पण ते उकरून काढेपर्यंत हाताला दम नसतो. लेखकाने मला तिथेच धरले.

पुढे त्या पेटीतल्या माहितीच्या आधाराने शास्त्रज्ञ एक अचाट संगणक उभा करतात. त्याचे नाव गुरू. विचाराल ते शिकवणारा. आणि गुरूच्या शिकवणीतून तयार होतो एक यंत्रमानव, त्याचे नाव वामन. तो हुशार, तो कामसू, त्याला सांगितलेले सगळे येते. आणि मग त्याच्या मनात येते की आपल्यासारखे आणखी आपणच घडवावेत. इथून पुढचे मी सांगणार नाही. रहस्यकथेचा शेवट फोडणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला लाडू उचलण्यासारखे आहे.

पहाटे कोंबडा आरवला तेव्हा बॅटरी पिवळी पडली होती आणि मी मधल्या पानांपर्यंत पोचलो होतो. मला नवल वाटले ते याचे, की हा एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण कुठे पांडित्य नाही. वाक्ये लहान. अडेल असे काही आले की चार शब्दांत उलगडून सांगायचे आणि पुढे निघायचे. माणसे आपल्याकडची, आपल्यासारखीच बोलणारी. प्रकरण संपता संपता अशा ठिकाणी आणून सोडतात की दिवा मालवण्याची सोय नाही. अर्नाळकरांची आठवण झाली, आणि वर विचार करायला आणखी काही हाताशी उरले, ते वेगळेच.

सकाळी चहा घेताना मी घरात सांगून टाकले, “पोरीनं आणलेलं पुस्तक झकास आहे.”

आमच्या मंडळी तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, मग एकट्यानंच काय वाचता? मोठ्यानं वाचा. आमचे हात कामात आहेत, कान मोकळे आहेत.”

असे करून आमच्या पडवीत वाचन सुरू झाले. मंडळी सुपापाशी, सूनबाई शेंगा फोडीत, नात खांबाला टेकून. आणि मुलगा पलीकडे, आमच्याकडे पाठ करून, पावसाकडे बघत.

आता मुलाविषयी सांगायला हवे. तो आमच्याच भागातल्या एका कारखान्यात वेल्डिंगचे काम करतो. बारा-तेरा वर्षे झाली. हात असा स्वच्छ की त्याने जोडलेला सांधा बोटाला लागत नाही. पण गेले महिनाभर तो घरात बोलेनासा झाला होता. जेवायला बसे, दोन घास खाई आणि उठे. विचारले तर “काही नाही.” सूनबाईने मंडळींना सांगितले, मंडळींनी मला सांगितले, आणि मी काय केले? मी त्याला म्हणालो, “कामात मन नसेल तर सोड आणि शेती बघ.” तो माझ्याकडे नुसता बघून निघून गेला. तेव्हापासून आम्हा दोघांत बोलणे असे राहिलेच नव्हते.

वाचनाच्या दुसऱ्या दिवशी वामन तयार होतो तो भाग आला. मंडळींचे सूप थांबले.

“या यंत्राचं नाव वामन का ठेवलं हो?” त्यांनी विचारले. “वामन म्हणजे आपल्या बळीला पाताळात घालणारा.”

मी वाचता वाचता थबकलो. खरेच की! शहरातल्या वाचकाला वामन म्हटले की विष्णूचा अवतार आठवत असेल. आम्हा शेतकऱ्यांना आधी बळी आठवतो. दिवाळीच्या पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणून आमच्या घरोघर ओवाळतात. दारात आलेला बटू एवढासा. मागणे तरी किती, तर तीन पावले जमीन. बळीराजा दिलदार, तो हो म्हणाला. पहिल्या दोन पावलांत सगळे गेले आणि तिसरे पाऊल त्याच्या डोक्यावर आले. येताना लहान वाटते, मागते थोडे, आणि एकदा पाऊल ठेवायला जागा दिली की वाढतच जाते. यंत्राला हे नाव देणाऱ्या लेखकाला काय सांगायचे आहे, ते आमच्या मंडळींच्या एका प्रश्नाने मला कळले. त्या चौथी शिकलेल्या आहेत.

तेवढ्यात मुलाने तोंड फिरवले. तो ऐकत होता तर.

“आबा,” तो म्हणाला, “आमच्याकडं पण आलाय.”

“कोण?”

“वामन.”

मग तो बोलला. महिनाभराचे साचलेले एकदम फुटले. कारखान्यात वेल्डिंग करणारा यंत्राचा हात बसवला होता. हा हात आपणहून काही करीत नाही, त्याला शिकवावे लागते. कुठून सुरू करायचे, कुठे वळायचे, कुठे थांबायचे, हे एकेक जागा दाखवून त्याच्याकडून गिरवून घ्यावे लागते. मग तो तेच काम न चुकता, न थकता करीत राहतो. आणि त्याला शिकवायला जाणता माणूस हवा, म्हणून साहेबांनी याला नेमले.

“माझा हात त्याला शिकवायचा, आबा. बारा वर्षांत जो बसला तो. आणि त्याला आला, की मग माझं काय?”

पावसाचा आवाज तेवढा येत होता. सूनबाईने मान खाली घातली होती. मला वाटले, हा पोरगा महिनाभर हे एवढे ओझे एकटा वाहत होता आणि बाप त्याला म्हणत होता, कामात मन नसेल तर सोड.

मी त्याला काही उत्तर देऊ शकलो नाही. म्हणालो, “बस इथं. पुढं काय होतं ते ऐकू.” तो खांबापाशी येऊन बसला. त्या दिवशी आम्ही पुस्तक संपवले. शेवटी शेवटी माझा घसा बसला, तेव्हा नातीने वाचले.

पुस्तक मिटल्यावर बराच वेळ बोलणे चालले. एवढे बोलणे आमच्या घरात कित्येक दिवसांत झाले नव्हते. नात म्हणाली, आता फोनमध्ये प्रश्न विचारला की यंत्र माणसासारखे उत्तर देते, तो जणू गुरूच. आणि हे पुस्तक तर असली यंत्रे घरोघर येण्याच्या कितीतरी आधी लिहिलेले. मला आमचे बैल आठवले. बैलजोडी विकून गावातल्या आम्ही तिघांनी मिळून पॉवर टिलर घेतला, त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. पण एक गोष्ट होती. टिलर आमच्या दारात उभा होता. चिखलणी आधी कोणाच्या खाचराची करायची हे आम्ही तिघे ठरवीत होतो. तो बिघडला तर कसा उघडायचा हे आम्ही शिकून घेतले. बैल गेले याचे दुःख राहिले, पण आम्ही गेलो नाही.

मी मुलाला तेवढेच सांगितले. “यंत्र आलं की कोणाला तरी जावं लागतं, हे मी पाहिलंय. पण त्याचा दांडा कोणाच्या हातात आहे, हे आधी विचारावं. शिकवून मोकळा होऊ नकोस. तो उघडायचा कसा, दुरुस्त करायचा कसा, हे मला शिकवा, असं साहेबांना सांग.”

तो म्हणाला, “विचारून बघतो.” त्याने विचारलेही. उत्तर लगेच काही आले नाही. ते हो येईल की नाही, हे पुस्तकात लिहिलेले नव्हते आणि मलाही सांगता येत नव्हते. पण त्या दिवसापासून तो जेवायला आमच्यात बसू लागला.

नंतर नातीने मला एक हकिकत सांगितली, ती ऐकून तर मी लेखकाला मनोमन हात जोडले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ नावाची कथा पाठवली, पण आपल्या नावाने नाही. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी केली आणि खाली लिहिले, नारायण विनायक जगताप. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली. त्या कथेला पहिले बक्षीस मिळाले, आणि हे जगताप कोण ते मागाहून समजले. पुढच्याच वर्षी, १९७५ साली, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षीय भाषणात त्यांच्या विज्ञानकथेची दखल घेतली.

म्हणजे पाहा, नावाला भुलून कोणी चांगले म्हणू नये अशी काळजी लेखकाने स्वतः घेतली होती. बाजारात जाणता माणूस पोत्यावरचा शिक्का बघत नाही. मूठभर दाणे तळहातावर घेतो, एक दाताखाली चावून बघतो आणि मग बोलतो. मी मात्र पोत्यावरचे मोठे नाव बघूनच परत फिरत होतो. नावाला भुलणे आणि नावाला बुजणे या दोन्हीत दाणा चाखायचा राहून जातो.

आणि हेच मी मुलाच्या बाबतीत केले होते, हे मला फार उशिरा उमगले. ‘कामात मन नाही’ हे वरचे नाव मी वाचले आणि आत काय आहे ते उघडून पाहिले नाही.

नारळीकरांचे गुरू हॉयल हेही गोष्टी लिहीत. १९५७ साली त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी आली होती. आकाशातून एक अवाढव्य काळा ढग येतो आणि सूर्यालाच झाकून टाकतो, अशी तिची कल्पना. गुरूने केले ते शिष्याने मराठीत आणले. इंग्रजीत लिहून जगभर वाचले गेले असते असा माणूस, पण गोष्ट सांगायला तो मायबोलीकडे आला, याचे मला अप्रूप वाटते. २०२१ साली नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, ते योग्यच झाले.

आता नात येताना त्यांची दुसरी पुस्तकेही आणते. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही गोष्ट आमच्या घरातल्या क्रिकेटवेड्या पोरांनी दोनदा वाचून घेतली. उजव्या हाताने चेंडू टाकणारा गडी अचानक डाव्या हाताने टाकू लागतो, त्याचे गूढ तीत आहे. पण मंडळींना सर्वांत आवडली ती ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली आणि सगळे फिरले. ती गोळी लागली नसती तर? इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पोचतात की जिथे मराठे जिंकले आहेत. ‘विश्वास पानपतावर गेला’ असे आपण म्हणतो. ती गोष्ट ऐकून मंडळी म्हणाल्या, “एक गोळी इकडची तिकडं झाली असती, तर किती बायकांच्या बांगड्या राहिल्या असत्या हो.” यावर कोण काय बोलणार?

तर वाचकहो, ‘वामन परत न आला’ कुठे मिळाले तर जरूर वाचा. शास्त्र कळेल की नाही ही भीती नको, मला कळले तर तुम्हालाही कळेल. मात्र एकट्याने वाचू नका. पावसाच्या दिवसांत, कामाला खीळ बसली असेल तेव्हा, पडवीत बसून मोठ्याने वाचा. घरातले कोणी पाठ करून बसले असेल तर त्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

पुढे पाऊस उघडला, उशिरा का होईना रोपे टाकली, आणि आवणीला मुलाने चार दिवसांची रजा काढली. खाचरात रोपांच्या मुठी फेकता फेकता तो मला म्हणाला, “आबा, ते पुस्तक नातीला इतक्यात परत देऊ नका. मला एकदा माझं मी वाचायचंय.”